फौजदारी शिकवायला माणूस हवा

पहिली थप्पड बसली तेव्हा वर्ग हसला. माझ्या शेजारी बसलेले संस्थेचे सचिवसुद्धा हसले. दुसरी बसली तेव्हा ते हसणं अर्धवट राहिलं, कारण आवाज वेगळा होता. पहिली गालावर होती, दुसरी कानावर.

मी विक्रोळीच्या चाळीत वाढले. आमच्या भिंतीला लागून राहणारा माणूस बायकोला मारायचा, आणि मारण्याचे किती तऱ्हेचे आवाज असतात हे मला शाळेत जायच्या आधीपासून कळत होतं. माझी आई मालवणची. फारच झालं की ती लाटणं घेऊन त्यांचं दार बडवायची. बाकीची चाळ रेडिओ मोठा करायची. त्यामुळे दुसऱ्या थपडेला मी उठून उभी राहिले. पण मधे बाकं होती, पोरं होती, आणि पुढचं सगळं फार पटकन झालं.

आधी हे कशासाठी चाललं होतं ते सांगते. मुलुंडमधल्या एका खासगी विद्यापीठात मी कायदा विभागाची प्रमुख आहे. फौजदारी न्यायव्यवस्था शिकवणारे आमचे जुने सर निवृत्त झाले, आणि नेमके त्याच सुमारास कायदे बदलले. कलमांचे आकडे इकडचे तिकडे झाले. मुलं जुनी पुस्तकं घेऊन नवा कायदा वाचत होती. माणूस तातडीने हवा होता. जाहिरात दिली, अर्ज आले, छाननी झाली आणि शेवटी दोघंच उरली.

एक होते निवृत्त पोलीस अधिकारी. उंच, ताठ, केस काळेभोर, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद. निवृत्तीनंतर त्यांनी कायद्याची पदव्युत्तर पदवी घेतली होती, आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव असलेल्यांसाठी नियमांत आता वाट होती. सचिवांची आणि त्यांची जुनी ओळख. असा माणूस आपल्याकडे असला की विद्यापीठाचं वजन वाढतं, असं सचिव मला दोनदा फोनवर म्हणाले होते.

दुसरी बाई होती, चाळिशीची, घाटकोपरची. दिंडोशीच्या सत्र न्यायालयात तिने बरीच वर्षं आरोपींच्या बाजूने वकिली केली होती. फी देऊ न शकणाऱ्यांचीच कामं जास्त. मग साक्षीदार साक्ष का फिरवतात यावर डॉक्टरेट केली. बोलायला तुटक. मुलाखतीत सचिवांनी तिला विचारलं की गुन्हेगारांना सोडवताना कधी वाईट नाही का वाटलं. ती म्हणाली, वाटलं, आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत बसली. सचिवांना ते आवडलं नाही.

मुलाखतींनंतर दोघांनी तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला एकेक तास शिकवून दाखवायचं होतं. आधी अधिकारी, मग ती. तिला बाहेर थांबायला सांगितलं असतं तर चाललं असतं, पण बाहेर लिफ्टचं काम चालू होतं, ड्रिलचा आवाज होता. म्हणून मीच तिला म्हटलं, मागच्या बाकावर बसा.

अधिकाऱ्यांनी सुरुवात उत्तम केली, हे मी प्रामाणिकपणे सांगते. भांडुपच्या एका दरोड्याची हकीकत त्यांनी अशी सांगितली की मागच्या रांगेतल्या पोरांनीसुद्धा मोबाईल खाली ठेवले. माग कसा काढला, खबऱ्या कसा फुटला, दाराला लाथ कोणी मारली. मग आरोपी कसा बोलता झाला त्यावर आले, आणि दुसऱ्या रांगेतल्या एका मुलाने हात वर केला.

हा मुलगा दहिसरचा. आजोबा गिरणीत होते, वडील बस चालवतात. वर्गात हुशार म्हणावा असा नव्हता, पण प्रश्न विचारल्याशिवाय त्याला राहवायचं नाही. त्याने विचारलं, पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालतच नाही, मग मारायचं कशाला?

अधिकारी हसले. "ये, पुढे ये. दाखवतो."

त्याला खुर्चीत बसवलं. नाव विचारलं, राहतो कुठे विचारलं. टेबलावर राहिलेलं माझं पेन उचलून स्वतःच्या खिशात घातलं आणि म्हणाले, आता सांग, पेन कोणी चोरलं? मुलगा म्हणाला, तुम्ही. तेव्हा पहिली थप्पड बसली. वर्ग हसला.

कानावरची दुसरी बसल्यावर मुलगा उठला. त्याचे डोळे पाण्याने भरले होते, दुखण्यापेक्षा अपमानाने. सर, हात लावायचा नाही, असं म्हणत त्याने दोन्ही तळव्यांनी अधिकाऱ्यांना छातीवर ढकललं. ते अर्धं पाऊलही मागे गेले नाहीत. त्यांनी डाव्या हाताने त्याचे केस धरले आणि त्याचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं.

हाड मोडल्याचा आवाज कोरडा असतो. रक्त नंतर आलं, एकदम आलं, आणि टेबलावरून त्यांच्या पांढऱ्या बाहीवर उडालं. मला वाटलं आता थांबतील. त्यांनी त्याला खाली पालथा घातला, पाठीत गुडघा रोवला, उजवा हात मागे ओढून वर वळवायला घेतला आणि शांतपणे विचारलं, "पेन कोणी चोरलं?" मुलाच्या तोंडात रक्त होतं. तो काय बोलत होता ते कळत नव्हतं. अधिकाऱ्यांचा चेहरा मला दिसत होता. त्यावर राग अजिबात नव्हता. कामात असलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

सचिव जागेवरून "अहो साहेब, अहो साहेब" म्हणत राहिले. मी बाकं ओलांडत पुढे निघाले, पण माझ्याआधी मागच्या बाकावरची ती बाई पोचली. तिने अधिकाऱ्यांची कॉलर मागून धरली आणि सगळा भार टाकून ओढली. त्यांनी न बघताच कोपर मागे हाणलं. ते तिच्या तोंडावर बसलं, ओठ फाटला. तिने कॉलर सोडली नाही. मी त्यांच्या हाताला लोंबकळले. शर्टाची शिवण उसवली. मग एकाएकी ते थांबले, बटण दाबून पंखा बंद करावा तसे. उभे राहिले, बाह्या सारख्या केल्या, खिशातलं माझं पेन काढून टेबलावर ठेवलं आणि वर्गाला म्हणाले, "बघितलंत? इतकंच पुरतं."

त्या वर्गात कोणी हललं नव्हतं. फौजदारी कायदा शिकणारी, पुढे वकील-न्यायाधीश व्हायला निघालेली माझी मुलं होती ती.

आम्ही दोघींनी मुलाला रिक्षात घातलं. माझी ओढणी त्याच्या नाकाशी धरली होती. पाच रस्त्याच्या नाक्यापर्यंत जाईस्तोवर ती भिजून जड झाली. तो पुन्हा पुन्हा विचारत होता, मॅडम, नाक जागेवर आहे का? मी म्हणत होते, आहे रे, आहे. नव्हतं. ते एका गालाकडे सरकलं होतं, आणि मधला भाग बसला होता. बाईने स्वतःच्या ओठाला पदर लावला होता आणि दुसऱ्या हाताने ती त्याची मान पुढे झुकवून धरत होती, म्हणजे रक्त घशात जाणार नाही.

पालिकेच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत पोचेपर्यंत सचिवांचे फोन सुरू झाले. पोरगा घसरून पडला असं सांगा, बाकी मी बघतो. मी फोन बंद केला. ड्यूटीवरच्या डॉक्टरने झालं काय विचारलं तेव्हा मुलगा माझ्याकडे बघायला लागला. त्याला वाटलं असावं की मी सांगेन तेच त्याने सांगायचं आहे.

ती बाई म्हणाली, "मारहाण लिहा. मारणाऱ्याचं नाव मी सांगते. माझाही ओठ तपासा, तोही त्याच केसमध्ये येईल."

हॉस्पिटलच्या चौकीवरचा हवालदार आला, मग पोलीस ठाण्यातून उपनिरीक्षक आला. नाव ऐकल्यावर त्याने लिहिणं थांबवलं. अधिकारी त्या भागात बरीच वर्षं होते, हा तरुण त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांच्या हाताखाली तयार झालेला. त्याने बाईला विचारलं की तुमची तिथे नोकरीची मुलाखत होती ना, त्यांच्याच जागेसाठी? ती म्हणाली, होती. तो म्हणाला, मग लोक म्हणतील की तुम्ही स्पर्धक काढून टाकायला हे करताय. ती म्हणाली, म्हणतील. लिहून घ्या. ओठाला टाके घालायचे होते, त्यामुळे शब्द नीट येत नव्हते, पण प्रत्येक वाक्य तिने परत वाचायला लावलं. तिच्यानंतर मी जबाब दिला. नाकाचं हाड मोडलं होतं, म्हणजे कायद्याने गंभीर दुखापत. गुन्हा नोंदवण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं.

त्याच संध्याकाळी क्लिप फिरायला लागली. वर्गातल्या कोणीतरी काढलेली. ती मुलाने ढकललं तिथून सुरू होत होती. आधीच्या दोन थपडा त्यात नव्हत्याच. विद्यार्थ्याने आधी हात टाकला, आणि वर्दीत आयुष्य काढलेल्या माणसाने स्वतःला सांभाळलं, असा मजकूर खाली. माझ्या सोसायटीच्या ग्रुपवरही ती आली. आमच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी त्यावर टाळ्या टाकल्या होत्या.

पोलीस वर्गात चौकशीला आले. एकेकाला माझ्या केबिनशेजारी बसवून विचारलं. मी मोबाईल बघत होतो. मी पाणी प्यायला गेले होते. मला पुढचं दिसत नव्हतं. ढकललं तेव्हापासून बघितलं. भिंतीपलीकडून मला एकेकाचं उत्तर ऐकू येत होतं. विक्रोळीच्या चाळीतले लोक तरी रेडिओ लावायचे. यांनी तेवढीही तसदी घेतली नाही.

सचिवांनी मला बोलावून घेतलं. ते वाईट माणूस नाहीत, घाबरट आहेत. म्हणाले, ते प्रात्यक्षिक होतं, मुलाचा तोल गेला, एवढंच तुम्ही म्हणायचं. निवड समितीची बैठक मी पुढे ढकलतो, सगळं शांत झालं की साहेबांना घेऊ. म्हणजे अजूनही त्यांनाच घ्यायचं होतं. मी विचारलं, आणि ती बाई? ते म्हणाले, मुलाखतीच्या दिवशी पोलीस आणणारी बाई आपण नोकरीवर ठेवायची का? मी म्हटलं की माझा जबाब सही करून गेलेला आहे, तो बदलणार नाही, विभागप्रमुख बदलायचा असेल तर बदला. ते खिडकीतून खाली पार्किंगकडे बघत बसले.

इथपर्यंत मला वाटत होतं की खरं कोण नि खोटं कोण हे स्पष्ट आहे.

मुलाच्या नाकाचं ऑपरेशन होऊन तो घरी गेला, आणि थोड्याच दिवसांनी एका सकाळी अधिकारी मुलुंडच्या डोंगराच्या पायथ्याच्या रस्त्यावर फिरायला गेले असताना तीन पोरांनी त्यांना गाठलं. क्रिकेटचे स्टंप होते, एकाकडे लोखंडी सळई. आधी मागून पोटऱ्यांवर मारलं. ते पडल्यावर एकाच गुडघ्यावर मारत राहिले. दूधवाला ओरडत धावला म्हणून थांबले. त्यातला एक पळताना पडला आणि सापडला. तो मुलाचा मावसभाऊ निघाला.

दुपारपर्यंत पोलिसांनी दहिसरच्या घरातून मुलाला उचललं. कट त्याने रचला असा संशय. त्याच्या वडिलांनी मला फोन केला, तेव्हा त्यांना बोलताच येत नव्हतं. मी त्या बाईला फोन लावला. ती म्हणाली, पहिल्या केसमध्ये मी साक्षीदार आहे, त्यात उभी राहू शकत नाही. ही दुसरी आहे. हिच्यात राहते. तिची सनद अजून चालू होती.

आम्ही पोलीस ठाण्यात पोचलो तेव्हा आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. आतून आवाज येत नव्हता. तेच मला जास्त वाईट वाटलं. वडील माझ्या शेजारी बसले होते, ड्यूटीच्या खाकी कपड्यांतच. ते एकदाच बोलले, माझ्या आईच्या मालवणीत; तिकडे मुलाला झील म्हणतात. "बाई, झिलाचा नाक गेला. आता आणखी काय नेतले?"

दुसऱ्या दिवशी त्याला मुलुंडच्या कोर्टात हजर केलं. नाकावरची पट्टी अजून निघाली नव्हती. पाय उचलून न टाकता तो ओढत आला. न्यायदंडाधिकारी तरुण होत्या, समोर ढीगभर कामं. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, पोलिसांविरुद्ध काही तक्रार? मुलाने मागे वळून वडिलांकडे बघितलं, मग कडेला उभ्या असलेल्या पोलिसांकडे बघितलं.

"नाही," तो म्हणाला.

"मॅडम, त्याला बूट काढायला सांगावेत," ती बाई म्हणाली.

सरकारी वकील काहीतरी म्हणाले. न्यायदंडाधिकाऱ्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि मुलाला बूट काढायला सांगितले. त्याला वाकता येईना. वडील कठड्यापाशी गेले, खाली बसले आणि त्यांनी मुलाच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. मोजे काढताना तो ओरडला. तळवे काळेनिळे होऊन फुगले होते, एका टाचेची कातडी मोज्याबरोबर आली. कोर्टात कागदांची सळसळ चालू होती ती थांबली.

न्यायदंडाधिकाऱ्यांनी ते नोंदवून घेतलं, वैद्यकीय तपासणीचा हुकूम दिला आणि पोलीस कोठडी नाकारली. पुढे जामीनही झाला. त्या दिवशी कोर्टातून निघताना बूट पायात जाईनात, म्हणून वडिलांनी स्वतःच्या चपला त्याला दिल्या आणि ते अनवाणी बाहेर आले. आधी नाक मोडलं वर्गात शिकवताना, मग तळवे फोडले ठाण्यात. त्याने विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर त्याला दोनदा मिळालं.

मग तडजोडीचं बोलणं सुरू झालं, कारण आता दोन्ही बाजूंवर गुन्हे होते. सचिव मला अधिकाऱ्यांच्या हॉस्पिटलात घेऊन गेले. मी गेले, कारण त्या माणसाला झोपलेला बघायचा होता. गुडघ्यात रॉड घातलेला, पाय वर टांगलेला. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, एखाद्या सहकाऱ्याला ओळख द्यावी तशी. सचिव दोन्ही बाजूंनी समजुतीने घ्यायचं वगैरे बोलत राहिले. त्यांचं संपल्यावर अधिकारी म्हणाले, "पोरं कच्ची होती हो. गुडघ्याची वाटी नीट फुटलीच नाही."

त्यांची बायको खोलीत होती, बारीक, केस घट्ट बांधलेली. त्यांनी पाणी मागितलं. तिने ग्लास भरला, पलंगापासून लांब उभी राहिली आणि हात पूर्ण ताणून तो पुढे केला. त्यांनी ग्लास घेतल्याबरोबर हात मागे ओढून घेतला. एका पायाने टांगलेला माणूस तिला काय करणार होता? पण तिचं शरीर ते ऐकायला तयार नव्हतं. मला आमच्या भिंतीपलीकडच्या बाईचं नावसुद्धा आठवत नव्हतं, पण तिचा हात आठवला. मी सचिवांना म्हटलं, मी खाली थांबते.

शेवटी दोन्ही गुन्हे हायकोर्टात संमतीने रद्द झाले. मुलाच्या वडिलांनी ठरवलं. ती बाई त्यांना सांगून बघत होती की तळव्यांची नोंद कोर्टात झालेली आहे, निदान ठाण्यातल्या पोलिसांविरुद्धची तक्रार तरी सोडू नका. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "आमका कोर्टाची पायरी नको आता. झील जिवंत आसा, पुरे." त्यांना दोष देणं मला जमलं नाही. तिलाही नाही. ती मला फक्त एवढंच म्हणाली की तिच्या प्रबंधात साक्ष फिरवण्याची जेवढी कारणं होती, त्यातली बहुतेक तिने काही महिन्यांत जवळून बघितली.

जागा अजून रिकामीच होती. अधिकाऱ्यांनी काठी घेऊन दुसऱ्या एका संस्थेत व्याख्यानं द्यायला सुरुवात केली, असं कळलं. पुन्हा जाहिरात दिली. मी समितीला सांगितलं की जिचं शिकवून दाखवणं राहून गेलं तिला आधी बोलवायचं, नाहीतर मी सही करणार नाही. बाहेरून आलेल्या तज्ज्ञ बाईंनी सगळी हकीकत ऐकली आणि सचिवांना विचारलं की वर्गात विद्यार्थ्याचं तोंड फुटत असताना पुढे कोण गेलं? सचिव म्हणाले, त्या गेल्या. आणि ह्या. तज्ज्ञ बाई म्हणाल्या, मग आपण इतका वेळ काय बोलतोय? तिला घेतलं, पण कायम नाही. वर्षभराच्या करारावर.

तिच्या पहिल्या तासाला मी मागे बसले होते. तोच वर्ग. मुलगाही आला होता, शेवटच्या बाकावर. नाक बाहेरून बरं दिसत होतं, पण श्वास घेताना शिट्टीसारखा बारीक आवाज यायचा आणि शांत वर्गात तो सगळ्यांना ऐकू जायचा. ती फळ्याजवळ उभी राहिली आणि म्हणाली, त्या दिवशी ह्या खोलीत काय घडलं ते ज्यांनी ज्यांनी पाहिलं त्यांनी हात वर करा. इथे पोलीस नाहीत, केस संपलेली आहे.

बराच वेळ कोणी हलेना. मग एक हात वर गेला, मग आणखी चार-पाच. एक मुलगी रडत बाहेर निघून गेली. बाकीचे वह्यांकडे बघत होते. तिने हात वर करणाऱ्यांचं कौतुक केलं नाही, न करणाऱ्यांना काही म्हटलं नाही. साक्षीपुराव्याचं प्रकरण काढलं आणि शिकवायला लागली. दुसऱ्या दिवशी वर्गाकडून सचिवांकडे तक्रार गेली की नवीन मॅडम विद्यार्थ्यांवर मानसिक दडपण आणतात. सह्या भरपूर होत्या. सचिवांनी ती मला दिली, मी तिला दिली. तिने वाचली आणि म्हणाली, "सह्या करता येतात म्हणजे यांना."

करार संपला तेव्हा पुन्हा खेचाखेच झाली, पुन्हा वाढवला. अजून ती आमच्याकडेच आहे, अजून करारावरच. तिच्या वरच्या ओठावर टाक्यांची पांढरी रेघ आहे. नवीन मुलं त्याबद्दल आपापसांत काहीबाही सांगतात, खरं कोणी विचारत नाही.

तो मुलगा पास झाला, पण सनद घेतली नाही. अंधेरीला एका विमा कंपनीत दाव्यांचं काम बघतो. मागच्या वर्षी मी तिकडे एका परिषदेला गेले होते, त्याने खाली येऊन चहा पाजला. चहाचा वास येत नाही, असं सहज बोलता बोलता म्हणाला. ऑपरेशननंतर वास गेला तो गेलाच. मग कप खाली ठेवून म्हणाला, मॅडम, एक सांगायचं होतं.

"मावसभावाला त्यांच्या घराचा पत्ता मीच दिला होता. फिरायला कधी जातात तेही मीच काढलं होतं."

मला धक्का बसला असं म्हणू शकत नाही. पण तो गुडघा, ती सळई, आणि त्या खोलीतली त्यांची बायको डोळ्यांपुढे आली. मारणाऱ्याला मार बसला की तिकडे हात ताणून ग्लास देणाऱ्या बाईचं काय होतं, हे मला त्याला विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

"मी असं करीन हे तेव्हा माहीत असतं तर तुम्ही माझ्या बाजूने जबाब दिला असता?" त्याने विचारलं.

"दिला असता. तुझं नाक आधी मोडलं होतं," मी म्हटलं. "आणि याचाही दिला असता. तुझ्या विरुद्ध."

 त्याने मान हलवली, रागावला नाही. त्याचा फोन वाजला. कुणाच्या तरी गाडीचा दावा अडकला होता. तो बोलत बोलत लिफ्टकडे गेला. दार बंद व्हायच्या आत त्याने हात वर केला, मीही केला.